अननसाच्या धाग्याचं कापड

अगं बाळा, फोनवरच कान इकडे कर. इथे परदेशात माझ्याच गावात, पार्सिपनीतच राहतेस, पण संक्रांतीपासून मावशीकडे फिरकली नाहीस, हे काही बरं नव्हे!

शेजारची फिलिपिनो मैत्रीण मला त्यांच्या बाजारात घेऊन गेली होती. वेताच्या टोपल्या, शिंपल्यांचे दिवे सोडून तिने अननसाच्या धाग्याचं भरतकामाचं कापड हौसेनं निवडलं आणि मला भेट दिलं. मी ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, साठलेल्या ब्लाउजपीसांतलंच एक समजून, तुझ्या ओटीत घातलं.

काल त्याच बाजारात तिने विचारलं, "काय शिवलंस गं त्याचं?"

"ब्लाउज," मी म्हणाले. इतकी खूश झाली ती! तेव्हापासून मला तिच्याकडे बघवत नाही.

ओटीतलं परत मागायचं नसतं. पण तिला खरं सांगायचंय, आणि एकटीची जीभ उचलत नाही. लवकर ये गं, दोघी मिळून जाऊ तिच्याकडे.