जंतू

ताईंनी माठ उचलला, व्हरांड्यात नेला आणि माझ्यादेखत सगळं पाणी मोगऱ्याच्या आळ्यात ओतून दिलं.

मी नुकताच त्यात गिलास बुडवला होता. गिलास अजून हातातच होता, अर्धा प्यालेला. नागपूरहून आलेले डॉक्टर पाहुणे सतरंजीवर बसले होते. बैठकीला आलेल्या गावोगावच्या बाया बसल्या होत्या. ताई ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. पाहुण्यांकडे बघून हसल्या आणि लहान पोरीला समजवावं तसं मला म्हणाल्या, "तुमच्या वस्तीतलं पाणी कसं आहे, माहीत आहे ना? हाताला जंतू असतात गं. तू आपली कोणाकडून तरी मागून घेत जा."

माझ्या आधी सुशीलानं त्याच माठात गिलास बुडवला होता. ती माझ्याच गावची. एकाच एसटीत, एकाच सीटवर बसून आम्ही आलो होतो. एकच विहीर दोघींनी मिळून साफ केली होती. ती प्यायली तेव्हा ताई समोरच उभ्या होत्या. सुशीलाचं घर गावात, माझं गावाबाहेर बौद्धपुऱ्यात. एवढाच काय तो फरक.

मला तेव्हा राग आला, असं सांगायला आवडलं असतं. नाही आला. लाज वाटली. माझ्याच हातांची.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत एका भाड्याच्या घरात ताई आणि भाऊंची संस्था होती. दोघं नवरा-बायको, पुण्याकडून आलेले, शिकलेले. विहिरी साफ करा, सांडपाण्याला शोषखड्डे करा, कपाशीवर मारायच्या दवाईचे रिकामे डबे घरात पाण्याला वापरू नका, हे सांगत ते खेडोपाडी फिरत. काम चांगलं होतं. त्याबद्दल खोटं बोलणार नाही.

माझा लहान भाऊ हगवणीनं सुकून गेला, तेव्हा आमच्या पुऱ्यात पाय ठेवणाऱ्या बाहेरच्या पहिल्या बाई त्याच. भुईवर बसल्या. त्याला मांडीवर घेतलं. चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिल्या. तो जगला. पुढे त्यांनी मला कामावर घेतलं. पाणी कसं नासतं, रोग कुठून येतो, हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणून त्या जे बोलल्या ते खरंच असणार, असं मी धरून चालले.

घरी आले आणि राखेनं हात घासले. आग होईस्तोवर घासले. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

माझी माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. हात भेगाळलेले, भेगांत काळी माती बसलेली. मी तिला म्हटलं, "माये, पाण्याच्या गुंडात हात बुडवत नको जाऊ. जंतू असतात." पाण्याचा गुंड मी उंचावर ठेवला. वर फडकं बांधलं. मायनं एकदा फडकं सोडलं, तर मी तिच्यावर खेकसले. शेजारच्या बायांसमोर. माय हात पदराला पुसून बाजूला झाली.

मग एक दिवस भर उन्हात ती वावरातून आली. मी घरातच होते. ती आत आलीच नाही. उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली, दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडाजवळ धरली आणि थांबली.

मी लहान असताना ती गावातल्या विहिरीवर अशीच बसायची. कोणी बाई येईल, वरून ओतेल, म्हणून. मी तिच्या मागं लुगडं धरून उभी असायची.

"माये, अशी काऊन बसली?"

"तुह्या गुंडाले हात लागू नाई म्हणून. तूच तं सांगतलं."

टोमणा नव्हता तो. तिच्या तोंडावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. सवय होती. मी पाणी ओतलं. ती प्यायली. ओंजळीतून गळलेलं पाणी तिच्या कोपरावरून खाली जात होतं आणि मी गडवा घेऊन वर उभी होते. माझ्याच मायच्या वर.

त्या दिवशी मला कळलं. जंतू खरे आहेत. त्यांनी मेलेली लेकरं मी पाहिली आहेत. पण सुशीलाचा हात कोणता आणि माझा कोणता, हे जंतूला कळत नाही. ते ताईंना कळत होतं. माझ्या आजारी भावाला मांडीवर घेणं त्यांना जमत होतं. मी आपल्या हातानं त्यांच्या माठातलं पाणी घेतलेलं त्यांना चालत नव्हतं.

पुढच्या बैठकीला मी सरळ माठाकडे गेले. ताई म्हणाल्या, "थांब गं, सुशीला देईल तुला."

मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी माह्या आधी सुशीलानं गिलास बुडवला होता. तुम्ही पाहिलं होतं. तवा माठ काऊन नाई ओतला?"

सुशीला खाली बघू लागली. भाऊ चष्मा पुसत म्हणाले, यात जात आणू नकोस, हा आरोग्याचा प्रश्न आहे. ताईंचे डोळे भरून आले. खरंच भरून आले.

"तुझ्या भावाला मी मांडीवर घेऊन बसले होते. विसरलीस?"

"विसरली नाई, ताई. म्हणूनच तं माठ ओतला तवा चूप राह्यली. आता नाई राह्यत."

मी पाणी घेतलं, प्याले आणि निघाले. कोणी सोबत उठलं नाही. एसटीत बसल्यावर रडू आलं. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. घरच्या माणसावर हात उगारल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर संस्थेची जीप गावात यायची, पण आमच्या पुऱ्याकडे वळायची नाही. तसं कोणी ठरवलं नव्हतं म्हणे. नुसती येत नव्हती. विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर यायची बंद झाली. पावसाळ्यात विहीर गढूळ झाली आणि शेजारच्या कांताची पोरगी हगवणीनं पडली. मी तिला मांडीवर घेतलं. शिकवलं होतं तसं पाणी पाजत राहिले. ती वाचली नाही.

कांता मला एका शब्दानं बोलली नाही. दुसऱ्या बाया बोलल्या. ताईशी भांडली नसती तर विहिरीची दवाई आली असती, म्हणाल्या. दुसरीकडून पावडर आणायचं मला आधी सुचायला हवं होतं. मी माझ्या अपमानातच बसून राहिले होते.

मग मी वर्ध्याला पंचायत समितीत जाऊन बसले. हाकललं तरी परत जाऊन बसले. पावडर मिळाली, ती एसटीनं आणली. विहीर आमच्या बायांनीच उपसली. कांता सगळ्यात आधी आली होती. त्यातून बायांचं मंडळ उभं राहिलं, ते आसपासच्या गावांत जाऊ लागलं. आता लोक मलाच ताई म्हणतात. तो शब्द ऐकला की मी दचकते.

कांताच्या पोरीचा दोष मी माझ्या अंगावर घेते. मायला उंबऱ्याबाहेर बसवल्याचा घेते. त्याची माफी मी कोणाकडे मागत नाही. पण मला उपकार विसरणारी म्हणाल, तर ते मी घेणार नाही.

आणि एक गोष्ट मी मंडळाच्या बायांना सांगून ठेवली आहे. ज्या लेकराला मी जगवलं, ते उद्या मोठं होऊन माझ्यासमोर उभं राहील, माझी चूक तोंडावर सांगेल. त्या वेळी मी त्याला त्याच्या जिवाची आठवण करून दिली, तर त्याच दिवशी मला या कामातून काढून टाका.