पुंडलिकरावची खालमान

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात चाल नाही, पण त्याबिगर गोष्ट पुढं सरकत नाही. आमचे पुंडलिकराव, गाव मुकुटबन. जन्मभर ताठ मानेचा माणूस. त्याइच्या डोयाचा पडदा सुटला. नागपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशन करून डोयात हवा भरली आन् बजावलं, मी सांगेपर्यंत मान खाली. वर केली का हवा सरकन, पडदा पुन्हा सुटन, मंग डोया गेलाच समजा.

हे ओसरीत खाटेवर पालथे, तोंड कडेबाहेर, नजर जमिनीवर. आन् ती सालं कपाशीची लय वाईट. भाव पडलेला, गावोगावच्या नको त्या बातम्या. मान खाली घातलेला शेतकरी दिसला का लोकाइच्या छातीत धस्स होये. डोयावरची पट्टी कोणाले दिसते? ती तर जमिनीकडे.

गावातल्या रामलालनं येऊन सरळ ह्याइची हनुवटीच धरली. "काका, वर पाहा. हेही दिवस जातीन." गल्लीतल्या लीलाबाईनं तं भजनी मंडळच आणून बसवलं. मी बोंबलून सांगो, अवो, डोयाचं ऑपरेशन हाये. बाया एकमेकीले म्हणत, बिचारी लपवून राह्यली.

मंग मी दारात लाटणं घेऊन बसली.

शेजारचा धर्मपाल आला. लाटणं पाहून त्यानं हात लावला नाही. खाटेखाली सरकून उताणा झोपला, तोंडासमोर तोंड. "दादा, हिंमत धरा. यंदा गेलं तं पुढच्या साली पिकन." बोलता बोलता त्याच्याच डोयातलं पाणी कानाकडे निघालं. त्याचं हे दुःख गावात कोणालेच दिसलं नव्हतं. धर्मपाल तं मान वर करूनच हिंडे.

ह्याइनं ते समोरच पाह्यलं. मंग म्हणाले, "धर्मपाल, मले राखण पाहिजे. हिचं लाटणं पुरून नाही राह्यलं. उद्यापासून इथंच ये, जेवाले बी."

तो रोज आला. दारातून लोकाइले हाकले, खाटेखाली पडून गप्पा हाणे, तिथंच घोरे. माह्या भाकरी दुप्पट झाल्या, पण डोया वाचला.

वाचला म्हणजे असा, का त्याले सरळ रेघ वाकडी दिसते. डॉक्टर म्हणे, एवढं राहीनच. हे कायले ऐकतात. पेरणीच्या टायमाले धर्मपालच्या वावराच्या धुऱ्यावर जाऊन उभे. "धर्मपाल, तास वाकडा चालला तुया."

मी पाह्यलं, तिफणीची ती रेघ सुतासारखी सरळ होती. धर्मपालनं बैल थांबवले. "हव दादा, वाकडाच हाये. उद्या बी या पाहाले."

"येतो. तू असशीन न?"

"असीन न दादा. कुठं जातो."