वडिलांच्या रिव्हॉल्वरची माशी

माझा मुलगा पीथमपुरात मोटारीच्या कारखान्यात आहे, राहतो धारला, आणि दर रविवारी देवासला येऊन मला सुधारतो. यंदा नवरात्राच्या आधी त्याने माझ्या रिव्हॉल्वरला हात घातला. म्हणजे बोलण्यात. खरा हात मी कोणाला लावू देत नाही.

त्याचं म्हणणं असं की लायसन रिन्यू करायचंच आहे, तर ही जुनी चीज देऊन नवं पिस्तूल घेऊन टाका. इंदूरच्या बंदूकवाल्याशी तो परस्पर बोलूनही आला होता. नव्याला मागे स्क्रू असतात. एक फिरवला की निशाणा डावी-उजवीकडे सरकतो, दुसरा फिरवला की वर-खाली. आणि आपल्यात काय? काहीच हलत नाही.

हलत नाही हे खरं. नळीच्या तोंडाशी एक पोलादी पान उभं आहे, त्याला माशी म्हणतात. मागे, घोड्याच्या पुढ्यात, पाठीवर एक खाच आहे. खाचेत माशी बसवायची आणि चाप दाबायचा, संपलं. माझे वडील देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या दरबारी चाकरीत होते, हे हत्यार त्यांचं. कन्नौदच्या शेतावर बांधावर मडकं ठेवून त्यांनी मला शिकवलं. मी चार इयत्ता शिकलो, त्यातली एक दोनदा, पण ते शिकणं एका सुट्टीत झालं. ते एवढंच म्हणायचे, "ते हलत नाही, तू हलू नकोस."

हे मुलाला सांगितलं तर तो मोबाईलमध्ये बघत होता. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, चल इंदूरला, नेमबाजीच्या रेंजवर. माझ्या वडिलांचं हत्यार चुकलं तर दसरा झाल्यावर तुझ्या बंदूकवाल्याला देऊन टाकीन. शब्द दिला म्हणजे दिला.

रेंजवरचा तो प्रकार काय सांगू. तिथे क्लबचं स्क्रूवालं पिस्तूल होतं. एकाने उडवलं, चुकलं, स्क्रू फिरवला. दुसऱ्याने घेतलं, त्याचं पहिल्याच्या स्क्रूमुळे चुकलं, त्याने उलटा फिरवला. सकाळभर माणसं नेम कमी धरत होती आणि पेचकस जास्त. शिकवणारा मुलाला म्हणतो, "भिया, सेट करना पड़ता है." अरे, मग माणसाला सेट कर की.

पण माझी पाळी आली आणि माझंही चुकलं. थोडंथोडकं नाही. चक्रीतल्या सगळ्या गोळ्या कागदाच्या वरून मागच्या मातीत गेल्या. मला खाच नीट दिसत नव्हती, सगळं गुळगुळीत वाटत होतं. वाटलं, मोतीबिंदू. माशी दिसावी म्हणून मी ती वर वर उचलत गेलो. पण हे मुलासमोर कोण बोलणार? तो नुसता हसला असता तरी बरं झालं असतं. उलट गाडीत मलाच समजवायला लागला, की बाबा, वस्तूचं वय होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पाटावर मांडून पूजा करतात, घरात हत्यार आहे तोवर करायचीच. यंदाची शेवटची, म्हणून मी जवळ बसून बघत होतो, एरवी मी बसत नाही. बायकोने तलवारीला हळदकुंकू वाहिलं, दुनळी बंदुकीला वाहिलं, मग रिव्हॉल्वरच्या कपाळाला तेलाचं बोट लावून कुंकू दाबलं. कपाळ म्हणजे घोड्याच्या पुढची जागा. म्हणजे खाच.

मी पाटावरून तिचा हात बाजूला केला आणि वाकून मागून डोळा लावला. खाच नव्हतीच. तिथे लाल-काळा दगड झाला होता. आईने लावलेलं, हिने लावलेलं, वर दर वर्षी तिळाचं तेल. नळीवरचं झडून जायचं, मुठीवरचं झडायचं, खाचेतलं कुठे जाणार?

मी काडी मागितली.

"अहो, शस्त्राचं कुंकू पुसायचं नसतं," ती म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलंय."

"तुझ्या सासूबाईंनी नेम धरला होता का कधी?"

"तुम्ही तरी कुठे धरला इतक्या वर्षांत?"

शिवाय दसऱ्यापर्यंत पाटावरचं उचलायचं नसतं, हेही तिने ऐकवलं. तेवढा वेळ मी त्या पाटाभोवती फेऱ्या मारल्या आणि सगळ्यांवर खेकसलो. मुलगा फोन करून विचारतो, बंदूकवाल्याला रविवार सांगू का? मी फोन ठेवून दिला.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर घासलेट आणि बांबूची काडी घेऊन बसलो. कोरत गेलो तशी खपली निघाली आणि तळाशी पोलाद दिसलं. डोळा लावला. खाचेत माशी अशी बसली होती की मला कन्नौदचं मडकं दिसलं. मोतीबिंदू वगैरे काही नाही.

रविवारी मुलाला म्हणालो, बंदूकवाला नंतर, आधी रेंज. का ते सांगितलं नाही. मी उभा राहिलो, हललो नाही. गोळ्या काळ्या गोलात एकमेकींना चिकटून बसल्या. शिकवणारा कागद घेऊन आला.

"बासाब, इसमें क्या करवाया?"

"कुछ नहीं. नहलाया."

मग मुलाला सांगितलं कुंकवाचं. त्याने खाचेला डोळा लावला. म्हणाला, मी बघू का उडवून? हो म्हणालो. पहिल्या दोन वाया घालवल्या, कारण सवयीने मागे स्क्रू शोधत होता. मी ओरडलो, तिथे काही नाही, तू नीट उभा राहा. राहिला. तिसरी गोळी गोलात गेली, चौथीही. बंदूकवाल्याला त्याने तिथूनच फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. मी आपला रिकामी काडतुसं वेचत होतो.

इथे थांबला असता तर माझा मुलगा कसला. गाडीत म्हणतो, "बाबा, मस्त आहे. फक्त मुठीला रबराचं कव्हर लावून घेऊ, ग्रिप चांगली येईल."

मी रिव्हॉल्वरची पेटी मांडीवर ओढून घेतली आणि देवास येईपर्यंत सोडली नाही.