फळीखालची शिट्टी

आमच्या रस्त्याच्या टोकाला एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याला सगळे कानवाला म्हणत, आणि ते उगीच नव्हे. इंजिन हवा ओढतं, पण मोजून ओढतं. कुठल्या नळीला केसाएवढी भेग पडली की चोरवाटेने जास्तीची हवा शिरते, पेट्रोल नीट जळत नाही आणि धूर घाण होतो. ती भेग बारीक शिट्टी घालते. हा माणूस हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचा, दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवायचा आणि बोट ठेवायचा, "इथं." यंत्रं लावून बसलेले बघत राहायचे.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. तेव्हापासून घरही शांत आणि गॅरेजही शांत. तो दुपारचा डबा पाटावर बसून एकटाच खायचा, आणि झाकण लावताना दोनदा दाबून बघायचा, लागलं की नाही ते.

एका सकाळी एक बाई जुनी घरगाडी घेऊन आली. नर्सची नोकरी संपली तशी भाड्याची खोली सोडून ती गाडीतच राहायची. आत पलंग, शेगडी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. आणि पलंगाच्या फळीखाली इंजिन. धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली होती. तीनदा नापास झाली की भंगारात, असा नियम.

"मिस्त्री, हे माझं घर आहे," ती म्हणाली. "इंजिन चालू ठेवून पलंगावर पडलं ना, की खालून शिट्टी ऐकू येते."

मिस्त्रीने गादी गुंडाळली, फळी उचलली, नळी कानाला लावली. बराच वेळ फिरवली. "शिट्टीबिट्टी काही नाही, बाई. भास आहे."

"तीस वर्षं रोग्यांचे श्वास ऐकलेत मी. भास मला शिकवू नका."

"मग इंजिनाला सलाईन लावून बघता का?"

तिला हसू आलं नाही. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला आणि गाडी पाठवली.

दुपारी ती परत आली. दुसऱ्यांदा नापास. शेवटच्या तपासणीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याने मला नंतर सांगितलं. तिने नुसता कागद पाटावर ठेवला आणि त्यावर पाना ठेवला, उडू नये म्हणून.

मिस्त्री पुन्हा फळीला हात घालू लागला, तशी ती म्हणाली, "राहू द्या खाली. तुम्ही सगळेच आधी फळी उचलता. उचलली की शिट्टी थांबते."

इंजिन चालू केलं. तो गादीवर आडवा झाला, कान फळीला. पलीकडून तिनेही कान टेकला.

"ही बघा! आली ना?"

त्याला इंजिनाची धडधड ऐकू येत होती. बाकी काही नाही. त्याने डोळे मिटले, कूस बदलली, दुसरा कान लावला.

"बाई," तो उठून बसत म्हणाला, "मला ती ऐकू येत नाही." मग म्हणाला, "बायको गेली म्हणून सगळं शांत झालं असं समजत होतो मी. त्यातली किती शांतता तिची आणि किती माझ्या कानांची, आता कसं कळायचं?"

तिने त्याच्या हातातली नळी घेतली, एक टोक स्वतःच्या कानात धरलं आणि दुसरं शेगडीजवळच्या फटीतून आत सरकवलं. रोग्याची पाठ तपासावी तसं तिने ते इंच इंच पुढे नेलं.

"इथं."

मिस्त्रीने त्या फटीतून हात घातला. फळीची कड इंजिनातून ब्रेककडे जाणाऱ्या हवेच्या नळीवर दाबत होती. फळी खाली असली की नळी वाकायची आणि भेग उघडायची. फळी उचलली की नळी सरळ, भेग बंद. त्याने नवी नळी घातली आणि फळीपासून दूर बांधली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर तपासणीला गेला. यंत्राच्या पट्टीवरचा धुराचा आकडा खाली उतरला आणि तपासनीसाने शिक्का मारला.

"काय कानवाले, शेवटी कानानेच शोधलंत ना?"

"नाही. बाईंनी शोधलं. मला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत आता."

तपासनीस खदखदून हसला. "तुमची थट्टा म्हणजे! कानवाल्याला ऐकू येत नाही म्हणे!" त्याने शेजारच्यालाही सांगितलं. तोही हसला. मिस्त्री पुन्हा सांगणार होता, पण पुढची गाडी आत आली.

बाईने सोडते म्हटलं, पण तिची वाट उलट दिशेची होती. तो चालत निघाला. वळणावर गाडी जरा थांबली. तिने काचेतून हात हलवला, काहीतरी बोलली. त्याने मान हलवली, ऐकू आल्यासारखी.