ऑपरेटर मिस्टेक

दसऱ्यानंतर आमचा कॉम्प्युटर अचानक बंद पडायला लागला आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. फोडणारे अर्थातच माझे पतिराज. हे चाकणला कंपनीत मेंटेनन्सला आहेत आणि घरी आल्यावरही मेंटेनन्सलाच असतात. मिक्सर अडला तरी यांना आधी त्याचं मूळ कारण हवं असतं. ते सापडेपर्यंत मी तो दुकानात नेऊन दुरुस्त करून आणलेला असतो.

मुलगी झाली तेव्हा मी भोसरीतली ड्राफ्टिंगची नोकरी सोडली होती. ती शाळेत रुळल्यावर तळवड्याच्या एका वर्कशॉपनं मला डायचं, म्हणजे साच्याचं, एक ड्रॉइंग करायला दिलं. सोमवारपर्यंत नीट करून पाठवलं तर घरबसल्या कायम काम देऊ, म्हणाले. मला ते काम हवं होतं. इतकं, की पिंपळे गुरवच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटरच्या टेबलावर मी कुणाला चहाचा कपही टेकवू देत नव्हते.

आणि हा कॉम्प्युटर ऐन कामात मान टाकायचा. स्क्रीन काळा, आवाज बंद. थोडा वेळ तसाच ठेवून बटण दाबलं की साळसूदपणे सुरू. मी ड्रॉइंग पुन्हा उघडायची, सेव्ह न झालेल्या रेघा पुन्हा मारायची, की पुन्हा तेच. रडायला यायचं.

गुरुवारी यांची सुट्टी. काळेवाडीहून यांचा डिपार्टमेंटमधला मित्र आला आणि दोघं टेबलाशी बसले. मित्र म्हणाला, "भावा, व्होल्टेजचा लफडा असणार." मग हे खुर्चीत रेलून क्रिकेटचा स्कोअर बघत बसले. कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालला. स्कोअर बघायला त्याला कष्ट ते काय पडणार? पण यांना पुरावा मिळाला.

"बघितलंस? मी बसलो की चालतो. तू बसलीस की बंद पडतो."

मग कंपनीतलं ते व्हाय-व्हाय सुरू झालं. बिघाड झाला की मुळापर्यंत जायला पाच वेळा 'का' विचारायचं, अशी त्यांच्याकडची पद्धत. बंद का पडतो? लोड येतो म्हणून. लोड का येतो? ही दिवसभर बसते म्हणून. तिसऱ्या 'का'ला दोघंही दमले आणि मित्रानं निकाल दिला, "सरळ आहे राव. ऑपरेटर मिस्टेक."

हे त्यांचं लाडकं निदान. कारण सापडलं नाही की मशीनवर जो उभा असेल त्याच्या नावावर टाकायचं आणि चहाला जायचं. इथं चहासुद्धा ऑपरेटरनंच करायचा होता. केला. कप उचलता उचलता हे सहज म्हणाले, "झेपत नसेल तर राहू दे ना. कशाला डोक्याला ताप?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. एवढंसं वाक्य, पण त्यात माझं टेबल जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी हे फर्स्ट शिफ्टला गेले. मी कॉम्प्युटर सुरू करून ड्रॉइंग उघडलं आणि पुन्हा बंद पडल्यावर सीपीयूच्या डब्याला हात लावून पाहिला, तर चटकाच बसला. वायर काढली, यांच्याच टूलकिटमधला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बाजूचा पत्रा उघडला. आत झेंडू! वाळलेल्या पाकळ्या सगळीकडे पडलेल्या, त्यांचा एक बोळा पंख्याच्या पात्यांत गच्च बसलेला, वर हळदीकुंकवाचं किटण. पंखा फिरतच नव्हता. डबा तापणार आणि बंद पडणार, दुसरं काय करेल?

खंडेनवमीला मशीनची पूजा होते, तशी घरच्या मशीनचीही झाली पाहिजे म्हणून यांनी कंपनीतून हा भलामोठा हार आणला होता. कॉम्प्युटरच्या डोक्यावरच्या जाळीवर तो स्वतः चढवला होता. मी म्हटलं होतं, एक फूल ठेवा, पुरे. तर म्हणे, "आमच्या प्रेस मशीनला याच्या दुप्पट असतो." आणि पूजेचा हार लगेच काढायचा नसतो म्हणून तो तिथंच वाळला आणि उतरवेपर्यंत पाकळ्या जाळीतून आत गळल्या.

यांच्या दाढीच्या ब्रशनं मी सगळं झाडून काढलं. पंखा फिरायला लागला. संध्याकाळी पाकळ्या ताटलीत घालून यांच्यापुढे ठेवल्या. "आता विचारा. पंख्यात झेंडू का?"

"एवढ्याशा पाकळ्यांनी कुठं काय होतंय," असं पुटपुटून ते पाय धुवायला गेले.

ड्रॉइंग रविवारी गेलं. सोमवारी वर्कशॉपचा फोन आला, आवडलं, पुढचं पाठवतोय. त्याच संध्याकाळी मित्राचा यांना फोन आला. कॉम्प्युटरचं काय झालं, असं विचारलं असावं.

"काही नाही रे," हे म्हणाले. "फॅनमध्ये कचरा अडकला होता. काढला."

कोणी अडकवला आणि कोणी काढला, दोन्ही गायब. बिघाडाला यांना लगेच माणूस सापडतो, दुरुस्ती मात्र आपोआप होते. मी कणीक मळत होते. फोनवर पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात तिथूनच ओरडले,

"ऑपरेटरनं काढला म्हणावं! आणि ऑपरेटरला काम मिळालंय, तेही सांगा!"