मामाच्या ग्राइंडरवरचा जॉब

परीक्षा झाली की माझं डोकं खायला पोरांची रांग लागते. वर्षभर ओळख न दाखवणारा गेटपासूनच ‘गुड मॉर्निंग सर’ करत येतो. भोसरीकडच्या एका आयटीआयत मी फिटरच्या पोरांना शिकवतो. शिकवायचा त्रास नाही हो, मार्क द्यायचा आहे.

त्या वर्षी चाकणची एक कंपनी आमच्यातला एकच मुलगा अप्रेंटिसला घेणार होती. प्रॅक्टिकलला पास झालेल्यांचे जॉब बघून त्यांचे साहेब निवडणार, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला. जॉब म्हणजे लोखंडाचा तुकडा, हातानं कानस मारून सरळ काटकोनात आणायचा.

चऱ्होलीच्या एकानं घरी नेलेला जॉब पुढ्यात ठेवला आणि माझं डोकंच सणकलं. इतका लखलखीत, की त्यात मला माझं टक्कल दिसलं.

‘हा कानशीनं केलास?’

‘व्हय सर.’

‘शून्य.’

‘चूक दावा की सर. मायक्रोमीटर लावा पायजे तर.’

‘कानशीचा एक ओरखडा दाखव, वीसपैकी वीस देतो.’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘सर, त्याच्या मामाचं वर्कशॉप आहे. ग्राइंडर आहे त्यांच्याकडं.’

‘मग मामालाच पाठवू अप्रेंटिसला.’ वर्ग खदखदला.

तो मात्र हसला नाही. ‘मामा म्हणला, आता हातानं कोण घासतंय? कंपनीत तरी घासत्यात का सर?’

मी नवा तुकडा त्याच्यापुढं आपटला आणि समोर उभा राहिलो. बिचारा संध्याकाळपर्यंत घासत होता. तळहाताला फोड आले. काटकोन तपासायचा गुण्या लावला, तर फटीतून उजेड दिसला. अकरा दिले.

‘सरळ जॉबला शून्य, न् वाकड्याला अकरा? असं कसं वो सर?’

‘असंच,’ मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. टेबलावर सगळे जॉब मांडले होते, त्यांच्या शेजारीच मामाचा तुकडाही पडला होता. साहेबांनी नेमका तोच उचलला. ‘वा! हा कुणाचा? यालाच घेऊ.’

मी तोंड उघडायच्या आत तो पुढं आला. ‘त्यो मामानं केलाय साहेब. माझा ह्यो, कडेचा.’

साहेबांनी कडेचा उचलला, गुण्या लावला, खाली ठेवला आणि दुसऱ्याच मुलाला बोलावलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तरी माझा असा संताप झाला, की त्यांच्यासाठी आलेला चहा मी चऱ्होलीच्या पोराच्या हातात दिला.

‘चहा नको सर,’ तो म्हणाला, ‘आता तरी अकराचे बारा करा.’

मी केले नाहीत. जॉब वाकडाच होता.