मावशीचा ताकभात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते — पण आधीच बजावते, ऐकून झाल्यावर माझी समजूत काढायला येऊ नका. मला ते खपत नाही.

मी जनावरांची डॉक्टर. परंडा तालुक्यात गाई-म्हशी, शेरडं तपासत हिंडले आणि मग एका पाहणीच्या कामात शिरले. रानातली जनावरं कशी जगतात, त्यांना काय दुखतं, किती सोसावं लागतं, हे बघायचं काम. लोक हसायचे. रानातल्या जनावराला कसलं आलंय सुखदुःख? का हो — पाय मोडला की गाईला कळ येते आणि हरणाला गुदगुल्या होतात? असं मी तोंडावर विचारायचे. माझी जीभ तिखट आहे, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातंय.

सोनारीच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगणार नाही. तिथं वानरांची टोळी असते. एका उन्हाळ्यात त्यांतलं एक म्हातारं वानर विजेच्या तारेला चिकटलं. तिथंच मेलं असतं तर सुटलं असतं. मेलं नाही. दोन्ही हात जळाले, जखमांत किडे पडले आणि ते मारुतीच्या देवळामागं सावलीला येऊन पडलं. टोळी पुढं निघून गेली. गाव मात्र येत राहिलं — केळी, खोबरं, हळदकुंकू. साक्षात मारुती दारी आलाय म्हणे. त्याला उचलून न्यायचं नाव काढलं तरी माणसं अंगावर यायची.

देवळाला लागून गोदामावशीचं घर. एकटी बाई, पण हाताला अशी चव की गावच्या भंडाऱ्याला पहिली कढई तिच्याच हातची चढायची. वानराला हातानं खाता येईना, म्हणून ती रोज सकाळी ताकभात कालवायची आणि एकेक घास त्याच्या तोंडात घालायची. "आज चार घास जास्त खाल्लं बगा, बाई. बरं व्हतंय ते," असं मला सांगायची. बरं होणार नव्हतं. मी रोज बघत होते ना — ते आतून सडत होतं.

पाहणीचा नियम काय? बघायचं, हात लावायचा नाही. कायदाही तेच सांगतो. रीतसर परवानगी लागते. मी विचारलं नाही. दुपारी गाव आडवं झालेलं असताना गेले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि इंजेक्शन दिलं. शांत गेलं. पस्तावा? काडीचाही नाही. देव म्हणून हळद वाहायची आणि किडे त्याला खाताना बघत बसायचं, याला भक्ती म्हणत असतील तर म्हणोत. उद्या तसंच एखादं पडलेलं दिसलं तर मी पुन्हा तेच करीन. कुणाला काय करायचं ते करा.

पण माझा गुन्हा तो नाही. तो पुढं आहे.

संध्याकाळी गाव जमलं. तिरडी बांधली, भजन म्हणत वानराला पुरलं, मीही फुलं टाकली. कुणीतरी विचारलं, "डॉक्टरीणबाई, कशानं गेलं वो?" मी म्हणाले, वय झालं होतं, कशानं तरी जायचंच. कशानं तरी! मग मागून एकजण हसत म्हणाला, "सकाळी मावशीनं ताकभात घातला, अन् दुपारी गेलं की." चेष्टाच होती. पण चेष्टा गावात फिरली की तशीच राहते का? ताक आंबलेलं होतं म्हणे. मग म्हातारीचा हातच वाईट म्हणे. दहावा घातला त्या दिवशी मावशी पदर खोचून चुलीपाशी गेली, तेव्हा बायका किती गोड बोलल्या — "तुमी बसा, मावशी. आमी करताव की." ती बसली. कडेला, भिंतीला टेकून, रिकामे हात मांडीवर घेऊन.

मी तिथंच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोलले? कायद्याला भ्याले, गावाला भ्याले, काम जाईल म्हणून भ्याले — हे सगळं खरं आहे. पण याच्या आतलं सांगू? मला हायसं वाटलं. आता माझ्याकडं कुणी बघणार नाही, म्हणून हायसं वाटलं. मुक्या जीवाची कळ मला कळते म्हणून मिरवणारी मी — आणि समोर एक बोलती बाई मुकी होत चालली होती, तर मी ताटावर बसून जेवले.

त्यानंतर तिनं कुठल्या जनावराला घास घातला नाही. पत्र्यावर वानरं आली तरी दार लावून घेते. भंडाऱ्याला ती आता घरातच बसते. "गुडघं दुखत्यात," म्हणते.

मी अजून त्या गावात जाते. मागच्या महिन्यात गेले, तर तिनं हाक मारली. भाकरी, पिठलं, ठेचा असं ताट वाढलं, पण पुढं सरकवेना. हातात धरून उभी राहिली.

"खाताव न्हवं, बाई? माझ्या हातचं?"

मी ताट ओढून घेतलं आणि सगळं खाल्लं. वर भाकरी मागितली. तिनं शेजारणीला कुडावरून हाक मारून सांगितलं, डॉक्टरीणबाई जेवल्या माझ्याकडं. मग आत येऊन माझा खरकटा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरले होते तिचे.

"लई उपकार झालं, बाई."

मी म्हणाले, "त्यात काय एवढं, मावशी."